ज्याच्याकडे आहे, त्यालाच विचारा: पॅकार्ड गाडीच्या साठ वर्षांचा धडा



नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न हमखास पडतो. माल चांगला आहे, घेऊन गेलेलं गिऱ्हाईक खूश आहे, पण भाव ऐकून चारातले तीन जण परत जातात. मग वाटतं, याच नावाने एक स्वस्त व्हरायटी काढूया की! नाव तर झालेलंच आहे.

काढावी का? आजचा धडा याच प्रश्नावर आहे आणि तो आपण एका अमेरिकन गाडीच्या गोष्टीतून शिकणार आहोत. गाडीचं नाव पॅकार्ड. एकेकाळी अमेरिकेत सगळ्यात मानाची गाडी म्हटलं की हे नाव यायचं. राष्ट्राध्यक्ष, सिनेमा नट, कारखानदार हिच्यात फिरायचे. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गॅरेजमध्येही पॅकार्ड असायच्या. आज ती फक्त म्युझियममध्ये आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे दिसते. कंपनी कशी उभी राहिली आणि कशी बुडाली, हे नीट बघा. कारण बुडवणारा निर्णय आणि वाचवणारा निर्णय, दोन्ही एकच होता.

सुरुवात एका वैतागलेल्या गिऱ्हाईकापासून

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वॉरन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि विल्यम डाउड पॅकार्ड या भावांचा विजेच्या दिव्यांचा आणि विजेच्या सामानाचा कारखाना होता. जेम्स शिकलेला इंजिनीअर. १८९८ मध्ये त्याने विंटन कंपनीची गाडी विकत घेतली. क्लीव्हलंडहून घरी आणताना ती वाटेतच बंद पडली. पुढेही कटकटी सुरूच राहिल्या. त्याने कंपनीचे मालक अलेक्झांडर विंटन यांच्याकडे तक्रार केली, सुधारणा सुचवल्या. तेव्हा विंटन यांनी ‘इतकं कळतं तर स्वतःच बनवा की गाडी’ अशा अर्थाचं उत्तर दिलं, असं सांगितलं जातं.

जेम्सने खरंच बनवली. विंटनकडची दोन अनुभवी माणसं सोबत घेतली आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर धावली. ती गाडी आजही आहे. जेम्स ज्या लीहाय विद्यापीठात शिकला, तिथे ती जपून ठेवली आहे. विंटन कंपनीने मात्र १९२४ मध्ये गाड्या बनवणं बंद केलं.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने तुमच्या मालाचा अभ्यास केलेला असतो. त्याला उडवून लावलं, तर तो अभ्यास घेऊन तो कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

जाहिरातीचं काम मालकाने केलं

सुरुवातीच्या काळात एका माणसाने पत्र पाठवून गाडीची माहिती मागवली. कंपनीकडे छापील माहितीपत्रकच नव्हतं. जेम्सने आपल्या सेक्रेटरीला सांगितलं, की त्याला कळवा, ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याला विचारा. ‘आस्क द मॅन हू ओन्स वन.’

हे वाक्य १९०१ मध्ये जाहिरातीत आलं आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं पॅकार्डची ओळख बनलं. आता विचार करा, हे वाक्य किती धोक्याचं आहे! ‘आमचा माल उत्तम’ असं कोणीही म्हणेल. पण ‘आमच्या गिऱ्हाईकाला विचारा’ म्हणायचं, तर विकलेली प्रत्येक गाडी रोज नीट चालली पाहिजे. एक जरी मालक नाराज असला तरी तुमचीच जाहिरात तुमच्यावर उलटते.

डेट्रॉइटचे श्रीमंत व्यावसायिक हेन्री जॉय या गाडीकडे कसे वळले, त्याचीही एक गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासमोरून आगीचा बंब गेला. तो बघायला तिथे उभ्या असलेल्या पॅकार्डवाल्यांनी गाडी सुरू केली आणि ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्या काळात गाडी एका झटक्यात सुरू होणं ही मोठी गोष्ट होती. जॉय यांनी गाडी घेतली, मग मित्रांना घेऊन कंपनीत पैसे घातले आणि १९०३ मध्ये कंपनी वॉरनहून डेट्रॉइटला आली. अल्बर्ट कान या आर्किटेक्टने तिथे कारखाना बांधला. तो वाढत वाढत सुमारे ३५ लाख चौरस फुटांपर्यंत गेला.

मालकाला नेमकं काय मिळत होतं?

‘क्वालिटी’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. पॅकार्डच्या मालकाला त्यात काय मिळत होतं, ते एकेक करून बघू.

पहिलं, शांत आणि सहज चालणारी गाडी. १९१५ मध्ये कंपनीने ‘ट्विन सिक्स’ काढली. हिच्यात बारा सिलिंडरचं इंजिन होतं. इतक्या सिलिंडरचं इंजिन नियमित उत्पादनात आणणारी ही पहिली कंपनी. १९२१ मध्ये वॉरन हार्डिंग शपथविधीला मोटारीने गेले. मोटारीने जाणारे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष आणि ती मोटार पॅकार्ड ट्विन सिक्स होती.

दुसरं, मालकाच्या कटकटी कमी करणं. त्या काळच्या गाडीला खालून ठिकठिकाणी वंगण द्यावं लागायचं. हात काळे करणारं काम. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅकार्डने अशी सोय केली, की ड्रायव्हरने बसल्या जागेवरून एक दांडा ओढला की नळ्यांमधून चासीच्या सांध्यांना तेल पोहोचायचं. गाडीच्या वेगात याने काही फरक पडत नाही. पण रोज गाडी वापरणाऱ्याला हे रोज जाणवतं.

तिसरं, आणि मला सगळ्यात आवडणारं. जुन्या मालकाचा मान राखणं. १९०४ पासून गाडीच्या रेडिएटरचा आकार कंपनीने ओळखीचाच ठेवला. लांबून बघितलं तरी कळायचं, पॅकार्ड आली. १९२० च्या दशकात तर त्यांनी दरवर्षी नवीन मॉडेल काढून गेल्या वर्षीची गाडी जुनी ठरवण्याऐवजी पहिली सिरीज, दुसरी सिरीज असे नंबर दिले. म्हणजे काल पैसे मोजलेल्या माणसाला आज आपली गाडी शिळी वाटू नये.

सगळंच जमलं असं नाही हं. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्डने कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. असं करणारी ती पहिलीच कंपनी. किंमत २७४ डॉलर जादा. पण यंत्राने डिकीची बरीच जागा खाल्ली आणि एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागायचा! सोय द्यायची तर ती वापरायलाही सोपी पाहिजे, हे इथे राहून गेलं. एसी थोड्याच काळात बंद झाला.

मंदी आली, आता काय?

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि महागड्या गाड्या घेणारं गिऱ्हाईकच कमी झालं. पॅकार्डच्या बरोबरीच्या कंपन्यांचं काय झालं बघा. पिअरलेसने गाड्या बनवणं सोडलं आणि पुढे त्या कारखान्यात बिअर बनू लागली. ड्युझेनबर्ग १९३७ मध्ये संपली, पिअर्स-ॲरो १९३८ मध्ये. या कंपन्यांचा माल वाईट नव्हता. घेणारा उरला नव्हता.

पॅकार्डने १९३२ मध्ये ‘लाइट एट’ नावाची जरा स्वस्त गाडी काढून बघितली. लोकांना ती आवडली. पण ती जुन्याच पद्धतीने बनत होती, त्यामुळे बनवायचा खर्च जवळपास मोठ्या गाडीइतकाच. भाव कमी आणि खर्च तेवढाच, मग नफा कुठून येणार? वर्षभरात ती बंद करावी लागली. आपल्याकडेही किती जण हेच करतात! भाव उतरवतात, पण माल बनवायची पद्धत तीच ठेवतात. मग विक्री वाढते आणि गल्ला रिकामा राहतो.

दुसऱ्या वेळी कंपनीने अभ्यास केला. मोठ्या प्रमाणात गाड्या बनवायचा अनुभव असलेली माणसं जनरल मोटर्समधून आणली, उत्पादनाची लाइन नव्याने लावली आणि १९३५ मध्ये ‘वन ट्वेंटी’ आणली. किंमत हजार डॉलरच्या आसपास. मोठ्या पॅकार्डला याच्या दुप्पटीहून जास्त पैसे मोजावे लागायचे. पहिल्याच मॉडेल वर्षात सुमारे २५ हजार गाड्या गेल्या. १९३४ मध्ये कंपनीची सगळी मिळून विक्री दहा हजारांच्या आत होती. १९३७ मध्ये त्याहून स्वस्त सहा सिलिंडरची गाडी आली आणि त्या वर्षीचा आकडा एक लाखाच्या वर गेला.

कंपनी वाचली. वन ट्वेंटी गाडी म्हणूनही चांगली होती, मालक समाधानी होते. त्यामुळे ‘स्वस्त माल काढला म्हणून पॅकार्ड बुडाली’ असं कोणी सांगितलं, तर अर्धंच खरं माना. १९३५ मध्ये तो माल काढला नसता, तर पिअर्स-ॲरोच्या रांगेत तीही बसली असती.

मग चुकलं कुठे?

हाच प्रश्न त्या काळात बाकीच्यांनी कसा सोडवला ते बघा. जनरल मोटर्सकडे कॅडिलॅक होती. कॅडिलॅकपेक्षा स्वस्त गाडी हवी म्हणून त्यांनी १९२७ मध्ये वेगळं नाव दिलं, लासाल. शोरूम तीच, माणसं तीच, पण गाडीवर कॅडिलॅक हे नाव नाही. फोर्डच्या लिंकनने १९३६ च्या मॉडेलसाठी लिंकन-झेफिर काढली. तिथे लिंकन हे नाव राहिलं, पण सोबत झेफिर जोडून ओळख वेगळी ठेवली.

पॅकार्डने स्वस्त गाडीवरही तेच नाव, तोच ओळखीचा रेडिएटर ठेवला. विक्रीला याचा फायदा झालाच. हजार डॉलरमध्ये पॅकार्ड कोणाला नको? पण चार हजार डॉलर मोजणाऱ्याच्या शेजारी आता तेच नाव मिरवणारी हजाराची गाडी उभी राहू लागली. ‘ज्याच्याकडे आहे त्याला विचारा’ म्हणायचं, तर आता विचारायचं कोणाला? आधी मालक एका प्रकारचा होता. आता दोन प्रकारचे झाले आणि दोघांची अपेक्षा वेगळी.

त्यात दुसरी गोष्ट घडली. स्वस्त गाडीने पैसा येत होता, त्यामुळे सगळं लक्ष तिकडे गेलं. १९३९ मध्ये बारा सिलिंडरची मोठी गाडी बंद झाली. ज्या मालाने नाव कमावलं होतं, तोच कपाटातून निघून गेला.

संधी आली होती

दुसऱ्या महायुद्धात पॅकार्डने रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन परवान्यावर बनवलं. आधी हे काम फोर्डकडे जाणार होतं, पण हेन्री फोर्ड यांनी नकार दिला. पॅकार्डने ५५ हजारांहून जास्त इंजिनं बनवली. मस्टँगसारख्या लढाऊ विमानांत आणि लँकॅस्टर बॉम्बरमध्ये ती बसली. म्हणजे कंपनीचे हात किती कसबी होते, ते जगाने पाहिलं.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत गाड्यांचा तुटवडा होता. जे बनेल ते विकलं जात होतं. मंदी संपलेली, लोकांच्या हातात पैसा. पुन्हा वरच्या मालाकडे जायची याहून चांगली वेळ नव्हती. कॅडिलॅकने नेमकं तेच केलं. लासाल १९४० मध्येच बंद केली होती. १९४८ मध्ये मागे पंख असलेली नवी गाडी आणली, १९४९ च्या मॉडेलमध्ये नवीन व्ही-एट इंजिन दिलं आणि १९५० मध्ये एक लाखाचा आकडा ओलांडला.

पॅकार्ड मात्र मधल्या भावाच्याच गाड्या जास्त बनवत राहिली. टॅक्सीसुद्धा बनवल्या. स्टेशनवरून तुम्हाला आणायला येणारी टॅक्सीही पॅकार्ड आणि बँकेच्या चेअरमनची गाडीही पॅकार्ड! इंजिनीअर कमी पडत नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी ‘अल्ट्रामॅटिक’ हा स्वतःचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढला. तो काळ बघता एकट्या, छोट्या कंपनीसाठी हे मोठंच काम होतं. पण व्ही-एट इंजिन यायला १९५५ उजाडलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्स होती. वाईट वर्षं शेवरोलेच्या विक्रीवर निघून जायची. पॅकार्डच्या पाठीशी कोणी नव्हतं. तुमच्या-माझ्या पाठीशीही कोणी नसतं, म्हणूनच मला या धड्यासाठी कॅडिलॅकपेक्षा पॅकार्ड जवळची वाटते.

उशिरा घेतलेलं औषध

१९५२ मध्ये जेम्स नॅन्स हे नवीन प्रमुख आले. आधी ते हॉटपॉइंट या घरगुती उपकरणांच्या कंपनीत होते. रोग त्यांनी बरोबर ओळखला. नाव दोन ठिकाणी वाटलं गेलंय, ते वेगळं करा. स्वस्त गाडी ‘क्लिपर’, महाग गाडी ‘पॅकार्ड’. १९५६ च्या मॉडेलमध्ये क्लिपर हा वेगळाच ब्रँड केला. पण वीस वर्षांची सवय अशी मोडते का? डीलर म्हणू लागले, गाडीवर पॅकार्ड लिहिलेलं पाहिजे. शेवटी क्लिपरच्या मागच्या बाजूला पॅकार्ड ही अक्षरं परत आली.

याच काळात दुसरा घाव बसला. पॅकार्ड आपल्या गाड्यांच्या बॉडी बाहेरून, ब्रिग्ज नावाच्या कंपनीकडून घ्यायची. १९५३ च्या अखेरीला क्रायस्लरने ब्रिग्जचा तो धंदा विकत घेतला. म्हणजे आपला सर्वांत महत्त्वाचा भाग आता स्पर्धकाच्या हातात! पॅकार्डला घाईघाईत कॉनर अव्हेन्यूवरच्या लहान कारखान्यात काम हलवावं लागलं.

१९५५ ची गाडी कागदावर जबरदस्त होती. नवीन व्ही-एट इंजिन, पुढची आणि मागची चाकं लांब दांड्यांनी जोडणारं नवीन सस्पेन्शन, वजन पडलं की विजेच्या मोटरने गाडी आपोआप समतल करायची सोय. खड्ड्यातून ती कशी जाते याचं फार कौतुक झालं. पण दाटीवाटीच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांच्या फिटिंगमध्ये दोष निघू लागले. तेलाच्या पंपामुळे इंजिन खडखड वाजायच्या तक्रारी आल्या. जिची ओळखच शांतपणा होती, त्या गाडीच्या मालकाला आता विचारलं, तर तो काय सांगणार?

१९५५ मध्ये सुमारे ५५ हजार, तर १९५६ मध्ये २९ हजारांच्या आत. विक्री जवळपास निम्म्यावर आली. मधल्या काळात, १९५४ मध्ये, पॅकार्डने स्टुडबेकर ही कंपनी घेतली होती. तिची हिशोबाची वही नीट तपासली गेली नव्हती. किती गाड्या विकल्यावर ना नफा ना तोटा होतो, हा आकडा सांगितल्यापेक्षा बराच वर निघाला. २५ जून १९५६ ला डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बनली. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाडीवर पॅकार्डचं नाव लावून विकलं. लोकांनी चेष्टेने तिला ‘पॅकार्डबेकर’ म्हटलं. १९५८ च्या मॉडेलच्या तीन हजार गाड्याही बनल्या नाहीत आणि नाव बंद झालं.

तो भव्य कारखाना कित्येक वर्षं पडका उभा होता. २०२२ मध्ये डेट्रॉइट शहराने त्याचं पाडकाम सुरू केलं. पण जुन्या गाड्या मात्र चालतात. वॉरनला पॅकार्डचं म्युझियम आहे, डेटनला जुन्या पॅकार्ड शोरूममध्येच दुसरं आहे आणि मालकांचे क्लब आहेत. कंपनी गेली तरी विचारायला मालक अजून आहेत!

आता तुमच्या धंद्याकडे या

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. स्वस्त माल काढायचा असेल तर काढा, कधीकधी तो काढावाच लागतो. पण त्याआधी वहीत चार ओळी लिहा.

१. नाव कशावर झालं? तुमचं नाव ज्या एका मालावर किंवा सेवेवर झालं, तो कोणता? केटरिंगवाल्याची बासुंदी असेल, टेलरचं ब्लाउजचं फिटिंग असेल. ते काहीही झालं तरी बंद करायचं नाही. विक्री कमी झाली तरी तो माल तुमचं नाव राखतो.

२. खर्च खरंच उतरला का? स्वस्त मालाचा भाव ठरवण्याआधी तो बनवायचा खर्च मांडा. पद्धत बदलली नसेल, तर तुमची लाइट एट होणार.

३. नाव कोणतं? स्वस्त मालाला पहिल्या दिवसापासून वेगळं नाव द्या. मसाल्याचं पाकीट असेल तर वेगळा रंग, वेगळं लेबल. नंतर वेगळं करू म्हटलं की तुमचेच दुकानदार ऐकत नाहीत.

४. कणा कोणाच्या हातात? तुमच्या मालातली कोणती वस्तू एकाच माणसाकडून येते? तो उद्या थांबला तर काय? आत्ताच दुसरा सप्लायर शोधून ठेवा, भले त्याच्याकडून महिन्याला थोडाच माल घ्या.

आणि एक गृहपाठ. या आठवड्यात तुमची पाच जुनी गिऱ्हाइकं निवडा आणि फोन करा. काही विकायचं नाही. फक्त विचारायचं, ‘आपण वस्तू नेलीत, कशी चालली आहे?’ उत्तर जसंच्या तसं लिहा, आपल्या भाषेत गोड करू नका. माझ्या दुकानात नवीन माणूस आला की आम्ही विचारतो, आमचं नाव कोणी सांगितलं? आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव लिहून ठेवतो. ज्या महिन्यात ही यादी छोटी होते, त्या महिन्यात विक्री चांगली असली तरी मी सावध होतो.

पाचही फोन झाल्यावर स्वतःला एकच विचारा. ‘आमच्या गिऱ्हाईकाला विचारा’ असा बोर्ड उद्या दुकानावर लावायची तुमची तयारी आहे का? असेल, तर स्वस्त व्हरायटीचा विचार निवांत करा. नसेल, तर आधी तिथलं काम करा.

भेटू पुढच्या धड्यात!